आयसीयूमधली नर्सिंग केअर मोजायची कशी?

तुम्ही विचारलंय, की मोठ्या माणसांच्या आयसीयूत तुम्ही इन्चार्ज सिस्टर आहात, नर्सिंग केअर किती चांगली आहे ते आकड्यांत दाखवा असं वरून सांगितलंय, तर मृत्युदर द्यावा की दुसरं काही मोजावं?

मी बरीच वर्षं आयसीयूत बेडसाइडला काढली, नंतर इन्चार्ज म्हणून हेच मोजण्याचं काम केलं. माझं म्हणणं आधी सांगते: मृत्युदर एकटा देऊ नका. पेशंट दगावतो त्यामागे मूळ आजार असतो, वय असतं, किती उशिरा आणला गेला तेही असतं. नर्सच्या हाताचा वाटा त्यातून वेगळा निघत नाही. मोजायचं ते पेशंटच्या अंगावर जे दिसतं आणि नर्सच्या हातून जे बदलू शकतं ते.

1966 साली अव्हेदिस डोनाबेडियन या आरोग्यसेवेच्या अभ्यासकांनी काळजीची गुणवत्ता पाहण्याचे तीन भाग सांगितले: काम करायला काय हाताशी आहे, प्रत्यक्ष काय केलं जातं आणि पेशंटला काय मिळतं. तिन्ही एकत्र पाहिल्याशिवाय आकडा बोलत नाही. हे मला एका चार्टने शिकवलं.

नाइट संपत आली होती. टर्निंग चार्टवर, म्हणजे पेशंटची कूस कधी बदलली त्याच्या तक्त्यावर, 10, 12, 2, 4 अशा चारही वेळा भरलेल्या. अक्षर एकाच लयीत, एका दमात लिहिलेलं. आम्ही दोघींनी पेशंटला कुशीवर घेतलं तर सॅक्रमवर, म्हणजे कमरेखालच्या माकडहाडाच्या वरच्या भागावर, तळहाताएवढा लाल चट्टा. बोटाने दाबला तरी पांढरा पडेना, म्हणजे बेडसोरची, एकाच जागी दाब पडून होणाऱ्या जखमेची, पहिली पायरी. चार्टप्रमाणे केअर शंभर टक्के झाली होती. त्या सिस्टरकडे त्या रात्री तीन पेशंट होते आणि त्यातल्या एकाला दोनदा सीपीआर द्यावा लागला होता. तिला मी रागावले नाही. चूक आमच्या मोजण्यातही होती, कारण आम्ही कागद तपासत होतो, कातडी नाही.

म्हणून पहिला आकडा बेडसोरचा घ्या, पण तो डोळ्यांनी पाहून. महिन्यातला एक दिवस ठरवा. दुसऱ्या वॉर्डच्या दोन सिस्टर येऊ देत आणि त्या दिवशी असलेला प्रत्येक पेशंट डोक्यापासून टाचेपर्यंत पाहू देत. टाच उचलून बघायचीच. श्वासाच्या ट्यूबच्या टेपखाली ओठाचा कोपरा, राइल्स ट्यूबच्या (नाकातून पोटात जाणाऱ्या नळीच्या) बाजूची नाकपुडी, ऑक्सिजन मास्कच्या पट्ट्याने घासलेली कानामागची जागा, हे सगळं पाहायचं. आयसीयूत उपकरणांमुळे होणाऱ्या जखमा फार, आणि त्या हमखास सुटतात. ॲडमिशनच्या वेळी त्वचेची नोंद पक्की हवी, नाहीतर पेशंट बाहेरून घेऊन आलेली जखम तुमच्या नावावर लागेल. बेडसोरचा धोका मोजणारा ब्रेडन स्केल तुम्ही वापरतच असाल. 6 ते 23 गुणांमध्ये 18 किंवा कमी म्हणजे धोका, आणि आयसीयूत तर बहुतेक सगळेच त्यात बसतात. त्यामुळे ‘स्केल भरला का’ हे मोजून काही हाती लागत नाही. धोका दिसल्यावर काय केलं, ते मोजा.

दुखण्याचंही तसंच. व्हेंटिलेटरवरचा माणूस बोलू शकत नाही, म्हणून चार्टवर ‘पेन 0’ लिहिलं जातं. कूस बदलताना त्याच्या कपाळावर पडलेली आठी बघा. सीपॉट (CPOT) हा दुखणं मोजायचा स्केल यासाठीच आहे: चेहरा, हालचाल, स्नायूंचा ताठरपणा आणि व्हेंटिलेटरशी जुळवून घेणं, प्रत्येकाला 0 ते 2. एकूण 3 किंवा जास्त आले तर त्याला दुखतंय असं धरायचं. मी मोजायचे ते हे, की 3 किंवा जास्त आल्यानंतर कुणी काही केलं का आणि तासाभरात पुन्हा पाहिलं का. सुरुवातीला आमचं ‘पुन्हा पाहिलं’ फारच कमी निघालं. वाईट वाटलं, पण खरं कळलं.

इन्फेक्शनचे आकडे नुसत्या संख्येत देऊ नका. सेंट्रल लाइन (मोठ्या शिरेत घातलेली नळी) असेल तर 1000 लाइन-दिवसांमागे, युरिन कॅथेटर असेल तर 1000 कॅथेटर-दिवसांमागे. रोज एकाच ठरलेल्या वेळी किती पेशंटना लाइन आहे ते मोजायचं आणि महिन्याची बेरीज करायची. इथे एक खाच आहे. समजा एका महिन्यात 400 लाइन-दिवस आणि 3 इन्फेक्शन, म्हणजे दर 7.5. मग तुमच्या सिस्टरनी रोज राउंडला विचारायला सुरुवात केली, ‘डॉक्टर, ही लाइन आज लागतेय का?’ लाइन लवकर निघू लागल्या. पुढे 200 लाइन-दिवस आणि 2 इन्फेक्शन. दर 10! कागदावर काम बिघडलं, पेशंटचं मात्र भलं झालं. म्हणून दराशेजारी एकूण किती दिवस लाइन राहिली तेही द्या. आणि एका महिन्याच्या आकड्यावरून कुणाला जाब विचारू देऊ नका. छोट्या युनिटमध्ये एक केस इकडची तिकडे झाली की दर उड्या मारतो. निदान वर्षभराचा आलेख ठेवा.

पेशंटने स्वतः ओढलेली किंवा कूस बदलताना निसटलेली श्वासाची ट्यूबही मोजा, 100 व्हेंटिलेटर-दिवसांमागे. प्रत्येक वेळी लिहा: हात बांधलेले होते का, सिडेशन (गुंगीचं औषध) किती होतं, सिस्टर त्या क्षणी कुठे होती. हात बांधून ठेवून हा आकडा खाली आणता येतो, म्हणून बांधण्याचे तासही शेजारी मोजा.

या सगळ्याबरोबर मनुष्यबळाचा आकडा वर पाठवाच. नर्सिंगच्या संशोधक लिंडा एकेन आणि सहकाऱ्यांनी 2002 मध्ये अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या रुग्णालयांचा अभ्यास मांडला. सर्जरीच्या पेशंटांमध्ये एका नर्सकडे एक पेशंट वाढला की 30 दिवसांत मृत्यूची शक्यता 7 टक्के जास्त दिसली. तुमच्याकडे कामाचा भार मोजायला नर्सिंग ॲक्टिव्हिटीज स्कोअर आहे. त्यात 100 गुण म्हणजे एका नर्सचा पूर्ण वेळ. दोन पेशंट मिळून 150 होत असतील आणि सिस्टर एकच असेल, तर त्या शिफ्टचा बेडसोरचा आकडा त्या 150 शेजारी छापूनच पाठवा.

सुरू केल्यावर पहिले काही महिने बेडसोर वाढलेले दिसतील, कारण आता कुणीतरी बघतंय. हे मॅनेजमेंटला आधीच सांगून ठेवा, लेखी. आणि सिस्टरना सांगा, की जखम कळवली म्हणून मेमो मिळणार नाही. तेवढा शब्द तुम्हाला वरून मिळत नसेल, तर मोजणी महिनाभर पुढे ढकला आणि आधी तो मिळवा.

आत्ता सगळं एकदम घेऊ नका. त्वचा आणि दुखणं, एवढ्या दोनांपासून सुरू करा.