बरं वाटतंय, पण रडू येत नाही

"मॅडम, गोळी चालू झाल्यापासून धडधड थांबली. पण गोळीने माझं दुसरंच काहीतरी नेलंय. चालू ठेवू की बंद करू?"

गोव्यात फोंड्यातल्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत, घबराटीवर किंवा उदासीवर गोळ्या घेणाऱ्यांकडून हा प्रश्न या ना त्या रूपात सारखा येतो. कोणाची तक्रार वजनाची, कोणाची झोपेची. खूप जण तर विचारतच नाहीत. गुपचूप गोळी बंद करतात आणि काही दिवसांनी पुन्हा घाबरेघुबरे होऊन येतात. आधीच सांगते, मी समुपदेशक आहे, डॉक्टर नाही. गोळी लिहून देणं, वाढवणं, कमी करणं माझ्या हातात नाही. पण डॉक्टरांसमोर घाईघाईत जे सांगायचं राहून जातं, ते माझ्याकडे निवांतपणे बाहेर पडतं.

वरचा प्रश्न विचारणारे गृहस्थ चाळिशीतले, पणजीला एका कार्यालयात हिशेबनीस. (त्यांच्या संमतीने लिहितेय, ओळख पटेल असं सगळं बदलून.) फोंडा-पणजी बसमध्ये बाणस्तारीचा पूल जवळ आला की छातीत धडधड, हाताला घाम, 'आता आपलं काही खरं नाही' असं वाटणं. इसीजी झाला, टूडी एको झाला, थायरॉइड तपासलं. सगळं नॉर्मल. हृदयाच्या डॉक्टरांनी मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवलं, तेव्हा घरात कुजबुज झाली. आपल्याकडे बांबोळी म्हटलं की मनोरुग्णालय, आणि अजूनही लोकांचा आवाज खाली जातो. त्याच आवारात मेडिकल कॉलेज आहे आणि आपण तिथे हाड मोडलं तरी जातो, हे कोणी लक्षात घेत नाही.

डॉक्टरांनी घबराट आणि नैराश्यासाठी देतात त्या एसएसआरआय गटातलं एस्सिटालोप्रॅम दिलं. आधी 5 मिलिग्रॅम, आठवड्याने 10, पुढे 15. सोबत पहिल्या काही आठवड्यांपुरती रात्रीची क्लोनाझेपॅमची छोटी गोळी, लगेच शांत करणारी. पहिल्या आठवड्यात मळमळ आणि अस्वस्थता उलट वाढली. हे अनेकांना होतं आणि इथेच बरेच जण गोळी टाकतात. साइड इफेक्ट पहिल्या दिवसापासून दिसतो. फायदा मात्र दोन-चार आठवड्यांनी, कधी सहा आठवड्यांनी. यांना कोणीतरी ते आधी सांगितलं होतं, म्हणून ते टिकले. दीड महिन्याने बसमध्ये खिडकीशी बसून पेपर वाचू लागले.

मग ते माझ्याकडे आले, कारण त्यांना रडू येत नव्हतं.

गृहस्थ नाटकवाले. गावच्या जत्रेतल्या नाटकात लहानपणापासून काम केलेलं, पुढे कला अकादमीच्या स्पर्धेतही उतरलेले. तालमीत मुलाच्या मरणाचा प्रसंग होता. पूर्वी असा प्रसंग आला की यांचा आवाज आपोआप फुटायचा. आता शब्द बरोबर, हातवारे बरोबर, आत काहीच नाही. दिग्दर्शक म्हणाला, "तू रडतोयस की हजेरी लावतोयस?" ते त्यांच्या फार जिव्हारी लागलं.

भावना अशा बोथट होणं हा या गटातल्या गोळ्यांचा माहीत असलेला परिणाम आहे. भीती कमी होते, तशी कधीकधी आनंदाची आणि दुःखाची धारही कमी होते. बहुतेकदा डोसशी त्याचा संबंध असतो. 'माझं काळीज दगड झालं' असं मानून घेण्याची गरज नसते.

पत्नीला मी एकदा बोलावलं. त्या हसून म्हणाल्या, "मॅडम, मला विचाराल तर गोळी राहू दे. दोन वर्षांत पहिल्यांदा घरात आवाज चढत नाही." नवऱ्याच्या तोंडावर म्हणाल्या. तेही हसले, पण कसनुसे. साइड इफेक्टची चर्चा करताना ही बाजू आपण फार विसरतो. ज्या बोथटपणाने त्यांचं नाटक बिघडलं, त्यानेच मुलाच्या दहावीच्या वर्षात घर शांत ठेवलं होतं. कोणाचं ऐकायचं? माझं मत स्पष्ट आहे. गोळी ज्याच्या पोटात जाते, त्याचं आधी.

दुसरी गोष्ट त्यांनी सांगितली ती उठून दाराशी गेल्यावर, पाठमोरं उभं राहून. रात्रीचं जमत नव्हतं. इच्छा कमी आणि शेवटही होईना. पत्नीला वाटलं, मन दुसरीकडे गेलं. हा परिणाम या गोळ्यांत अगदी नेहमीचा आहे, पुरुषांत आणि बायकांतही. आणि पहिल्या आठवड्यातली मळमळ जशी आपोआप जाते, तसा हा बहुधा जात नाही. तरी रुग्ण बोलत नाही, डॉक्टर विचारत नाहीत आणि नवरा-बायको एकमेकांबद्दल भलते तर्क करत बसतात. माझ्याकडे आलेल्या किती जणांनी खरं तर याच कारणाने गोळी सोडलेली असते, पण कारण म्हणून 'उष्णता वाढली' असं सांगतात.

मी त्यांना वहीचं एक पान आखायला सांगितलं. हिशेबनीस माणूस, लगेच रकाने पाडले. 'गोळीने दिलं' आणि 'गोळीने नेलं'. मी तिसरा पाडायला लावला: 'गोळीच्या आधीपासूनचं'. तिसऱ्याने गंमत झाली. दुपारची सुस्ती त्यांनी गोळीच्या नावावर मांडली होती. शनिवार-रविवारी रात्री होणारे दोन पेग मांडलेच नव्हते. पोट सुटल्याचं खापर गोळीवर, पण लग्नातल्या फोटोनंतरचा प्रत्येक फोटो वेगळंच सांगत होता. उरलं ते मात्र खरंच गोळीचं होतं: घाम, कोरडं तोंड, न येणारं रडू आणि रात्रीची अडचण.

पेगांवरून आठवलं. हुर्राकाच्या, म्हणजे काजूच्या ताज्या दारूच्या दिवसांत एक प्रश्न ठरलेला: "आज गोळी घेतली नाही तर चालेल का, दोस्तांबरोबर बसायचंय." एका दिवसाची गोळी चुकवल्याने ती शरीरातून जात नाही, त्यामुळे त्या हिशेबाला अर्थ नाही. शिवाय उतरत्या दारूबरोबर घबराट वर येतेच. क्लोनाझेपॅम किंवा त्याच जातीची अल्प्राझोलॅम चालू असेल, तर दारू सरळ धोक्याची. दोन्ही मिळून श्वास मंदावू शकतो. या दोन गोळ्यांची सवय खरोखर लागते. त्या थोड्याच दिवसांसाठी असतात आणि जुन्या चिठ्ठीवर किंवा शेजारणीच्या डबीतून घ्यायच्या नसतात. वर्षानुवर्षं घेत असाल, तर अचानक थांबवूही नका. फिट येऊ शकते.

आता सवयीचाच मुद्दा, कारण या गृहस्थांची खरी भीती तीच निघाली. गणेश चवथीला मूळ घरी सगळा गोतावळा जमला. माटोळी, म्हणजे गणपतीवर टांगायची फळाफुलांची चौकट, बांधताना कोण्या काकांनी पिशवीतलं पाकीट बघितलं आणि विचारलं, "तें कसलें वखद?" (ते कसलं औषध?) यांनी अॅसिडिटीचं म्हणून सांगितलं आणि लाजेने पाचही दिवस गोळी घेतली नाही. चौथ्या दिवशी आरतीला घुमट वाजत असताना मान वळवली की डोक्यात विजेसारखी झिणझिण, तोल गेल्यासारखं, चिडचिड, विचित्र स्वप्नं. माझ्याकडे आले ते ठरवूनच: "व्यसन लागलं मला. कायमची बंद करणार."

व्यसनात हाव असते, डोस आपणहून वाढत जातो, त्यापायी बाकी सगळं मागे पडतं. यांना गोळीची हाव कधीच नव्हती, उलट ती विसरायला निमित्त हवं होतं. रोज मिळणारं औषध एकदम तुटलं, त्यावर शरीराने दिलेली ती प्रतिक्रिया होती. डॉक्टरांच्या सांगण्यावरून गोळी पुन्हा सुरू झाली आणि दोन-तीन दिवसांत झिणझिण थांबली. म्हणूनच ही औषधं पायरीपायरीने उतरवतात. काहींना त्याला काही आठवडे लागतात, काहींना महिने. आणि बरं वाटू लागल्यावर लगेच उतरवत नाहीत. साधारण सहा महिने ते वर्षभर चालू ठेवतात, म्हणजे त्रास उलटण्याची शक्यता कमी होते.

वहीचं पान घेऊन ते डॉक्टरांकडे गेले. तोंडाने बोलवेना, म्हणून पानच पुढे केलं. डॉक्टरांनी डोस 15 वरून 10 वर आणला. औषध बदलण्याचाही पर्याय होता, पण आधी हे करून बघू म्हणाले. महिन्याभरात तालमीत गळा थोडा दाटू लागला. रात्रीची अडचण अर्धी गेली, अर्धी आहे. पण पत्नीला कारण कळल्यावर तिच्या मनातला संशय गेला. बसमधली धडधड एक-दोनदा परतली. त्यासाठी आम्ही ठरवून तो प्रवास केला: धडधड आली तरी उतरायचं नाही, श्वास सावकाश सोडायचा, ती चढते तशी उतरते हे बघत बसायचं. गोळीने भीतीचा आवाज कमी केला होता, म्हणून हे त्यांना जमलं. नुसत्या गोळीने पूल ओलांडायची हिंमत आली असती, असं मला वाटत नाही. आणि गोळीशिवाय त्या वेळी ते बसमध्ये चढलेही नसते.

दोन गोष्टी मात्र थांबून बघण्यासारख्या नाहीत. पंचविशीच्या आतल्या मुलामुलींत पहिल्या आठवड्यांत किंवा डोस बदलताना स्वतःला संपवण्याचे विचार आले, तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठायचं. रात्र असेल तर टेलि-मानसचा 14416 हा फोन चोवीस तास चालू असतो. आणि घरातल्या वृद्धांना, विशेषतः लघवी वाढवणारी रक्तदाबाची गोळी घेणाऱ्यांना, अचानक भ्रम झाला किंवा फार थकवा आला तर रक्तातलं सोडियम तपासायला हवं. 'वयामुळे' म्हणून सोडू नका.

गृहस्थांना आता गोळी उतरवायची घाई आहे. डॉक्टर म्हणतात, स्पर्धा आणि जत्रा आटोपू दे, मग सुरुवात करू. ठरलं तसं. पत्नीने फक्त एक अट घातली: "उतरवायला लागाल त्या दिवशी मला सांगायचं. मग घरात आवाज चढला, तर तो गोळीचा की तुमचा, हे मला कळायला हवं."