जुन्या टाटा ४०७ च्या ब्रेक पाईपच्या जोडातून ऑईल पाझरतंय. टेफ्लॉन टेप लावू की सीलंट?

तुमची गाडी १९९८ ची, चिरे म्हणजे जांभ्याचे दगड वाहायची. मागच्या अॅक्सलवरच्या टीला, म्हणजे तीन तोंडांच्या जोडाला, येणारा पाईप नटापाशी ओला होतो, दोनदा आवळून झालं तरी पाझर थांबत नाही, म्हणून आट्यांवर टेप किंवा सीलंट लावायचं विचारताय. दोन्ही लावू नका. नट आणखी आवळूही नका. मी कोकणात पाली भागात बरीच वर्षं गाड्यांचीच कामं करतोय, आणि या एका गोष्टीवर मी कुणाचं ऐकत नाही.

घरातल्या नळाला टेप चालते, कारण तिथे पाणी आटेच अडवतात आणि दाब असतो दोन-तीन किलोचा. ब्रेकच्या जोडात आट्यांचं काम फक्त दाबून धरायचं. ऑईल अडवतं ते पाईपचं फुलवलेलं तोंड, म्हणजे फ्लेअर. ते समोरच्या शंकूवर धातूला धातू टेकून बसतं. जोरात ब्रेक दाबलात की तिथे चौरस सेंटिमीटरला सत्तर ते शंभर किलो दाब येतो. ऑईल आट्यांपर्यंत आलंय याचाच अर्थ आतला खरा जोड बसलेला नाही. बाहेरून काहीही फासलंत तरी आतली फट तशीच राहते. एम-सीलचंही तेच. शिवाय ब्रेक ऑईल रंग खातं, तसंच बरीचशी सीलंटंही विरघळवतं.

टेपचा दुसरा धोका मी स्वतः भोगलाय. आमच्या घरच्या गाडीला रस्त्यात एका मिस्त्रीने असाच जोड टेप गुंडाळून बसवून दिला होता. कोल्हापूरहून रिकामे क्रेट घेऊन आंबा घाट उतरलो, साखरप्यात चहाला थांबलो तर मागच्या डाव्या चाकाला जळका वास. बोटाने पाण्याचा थेंब ड्रमवर उडवला, चर्र करून उडून गेला. चाक थंड झाल्यावर पाईप सोडला, तर व्हील सिलेंडरच्या, म्हणजे चाकातले ब्रेक शू ढकलणाऱ्या सिलेंडरच्या, तोंडाशी बोटभर लांबीचा पांढरा धागा अडकलेला. नट फिरताना टेपची कड तुटून आत गेली होती. पाय दाबला की ऑईल जोराने त्या धाग्याला ढकलून पुढे जायचं, पण परत यायला फक्त शूच्या स्प्रिंगचा जोर, तेवढ्याने ते मागे येईना. चाक धरून राहिलं आणि घाटभर घासत आलं. त्या दिवशी गाडी रिकामी होती म्हणून निभावलं.

आता करायचं काय. आधी जोड कपड्याने कोरडा करा, पाईप, नट, टी सगळं. वर खडूची पूड टाका आणि कुणाला तरी पेडल दाबून धरायला सांगा. पूड कुठून ओली होते ते नीट बघा. पुष्कळदा गळती वरच्या होजची, म्हणजे रबरी नळीची असते आणि ऑईल ओघळून नटापाशी येतं. नटाचीच असेल तर नट अर्धा फेरा सोडून पुन्हा बसवा, असं दोन-तीनदा. नवा फ्लेअर असेल तर एवढ्याने बसतो. इथे साधा ओपन पाना वापरू नका, नटाचे कोपरे गोल होतात. फ्लेअर नटचा खास पाना मिळतो, तो घ्या.

तरी पाझरलं तर नट उघडा आणि फ्लेअर उजेडात धरा. त्याच्यावर एक चकचकीत गोल रेघ दिसली पाहिजे, अखंड. रेघ कुठे तुटली असेल, बारीक चीर असेल किंवा गंजाचा खड्डा असेल, तर तिथूनच गळतंय. मग नवाच पाईप. टीमधल्या शंकूवर ओरखडा असेल तर टीसुद्धा नवी.

आता पाईपबद्दल. आपल्याकडे खारा वारा, चार महिने पाऊस, आणि चिऱ्याचा लाल चिखल. पाईप जिथे क्लिपखाली असतो तिथे हा चिखल ओला राहतो. क्लिप सोडून अंगठ्याने चोळून बघा. रंगाचा पापुद्रा निघून खाली खळगे लागले तर फक्त गळणारा पाईप बदलून भागणार नाही, त्या बाजूचे सगळे बदला. मासळीच्या गाड्यांचे तर मी न बघताच बदलायला सांगतो, कारण बर्फाचं खारं पाणी थेट चासीवर गळत असतं.

कुणी सांगेल, फ्रिजवाल्याकडून तांब्याचा पाईप फुलवून घ्या, स्वस्तात होतं. नको. शुद्ध तांबं हादऱ्यांनी कडक होत जातं आणि तडकतं. फ्रिजवाल्याचा फ्लेअर एकेरी असतो, ब्रेकच्या स्टीलच्या पाईपला दुहेरी लागतो, म्हणजे तोंड आत दुमडून फुलवलेलं. काही गाड्यांना बुडबुड्यासारखा गोल फ्लेअरही येतो. हे एकमेकांच्या जागी बसत नाहीत, म्हणून जुना पाईप नटासकट दुकानात न्या आणि तसाच बनवून घ्या. कुप्रोनिकेलचा पाईप मिळाला तर जास्त पैसे देऊन तोच घ्या. त्यात नव्वद टक्के तांबं, दहा टक्के निकेल असतं, तो गंजत नाही. व्होल्व्होने १९७० च्या दशकापासूनच तो वापरायला घेतला, कारण त्यांच्याकडे हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात. आपल्याकडे मीठ हवेतूनच येतं.

पाईप स्वतः कापणार असाल तर हॅक्सॉने नको, कटरने कापा, आतली धार काढा, हवा मारून कीस बाहेर काढा. आणि फुलवायच्या आधी नट ओवायला विसरू नका. मीसुद्धा विसरलोय, तयार फ्लेअर कापून टाकावा लागतो. बॅन्जोच्या, म्हणजे पोकळ बोल्टच्या जोडाला तांब्याचे दोन वॉशर असतात, ते दर वेळी नवे. अगदीच नसतील तर जुने लालबुंद तापवून गार करा, तांबं पुन्हा मऊ होतं. पण एक खेप काढण्यापुरतंच.

मग ब्रेकच्या पाईपांतली हवा काढा, मास्टर सिलेंडरपासून, म्हणजे पेडलने दाबल्या जाणाऱ्या मुख्य सिलेंडरपासून, सगळ्यात लांबच्या चाकापासून सुरू करून. ऑईल सीलबंद डब्यातलं, गाडीतल्या ब्रेक ऑईलच्या डबीवर लिहिलेलं तेच डॉट ३ किंवा डॉट ४. उघडा पडलेला डबा आपल्या दमट हवेत पाणी ओढतो. कोरडं डॉट ३ २०५ अंशांना उकळतं, पाणी मुरलेलं १४० ला. घाटात ते उकळून पेडल खाली गेलं की पाय मारून काही होत नाही. इंजिन ऑईल तर चुकूनही नको, आतली रबरं फुगतात. सांडलेलं साध्या पाण्याने धुवून टाका.

शेवटी इंजिन चालू ठेवून मिनिटभर पेडल जोरात दाबून धरा. ते हळूहळू खाली सरकत असेल तर अजून कुठेतरी गळतंय, किंवा मास्टर सिलेंडरच्या आतली रबरं गेलीत. न सरकल्यास दोन दिवस रिकामी गाडी गावातच फिरवा, रोज संध्याकाळी त्या जोडाला कोरडं बोट लावून बघा, आणि मगच चिरे भरा. तोवर खेप बुडाली तरी चालेल.