'प्रजाती' सापडली म्हणजे नेमकं काय सापडलं?

प्रश्न आहे : 'उष्णकटिबंधीय जंगलात ऑर्किडची नवी प्रजाती सापडली, असं बातमीत होतं. प्रजाती बरोबर की जाती?'

जाती. मराठी विश्वकोशातल्या वनस्पतींच्या नोंदी चाळा, 'या प्रजातीत इतक्या जाती' अशी वाक्यं भेटतील. प्रजाती (किंवा वंश) म्हणजे जीनस, जवळच्या जातींचा गट; जाती म्हणजे स्पीशीज, त्याच्या खालची पायरी. हिंदीत 'प्रजाति' स्पीशीजसाठी चालतो आणि बातम्यांत तोच उचलला जातो. काहींना 'जाती' लिहायचा संकोच होत असेल, पण त्यापायी अख्खी पायरी चुकते. सपुष्प वनस्पतींच्या नव्या जाती दरवर्षी शेकड्यांनी जाहीर होतात. नवी प्रजाती मिळणं त्या मानाने दुर्मीळ.

आता खरी गंमत. लॅटिन 'जीनस'च्या मुळाशी जन्म देणं आहे, म्हणजे आपला 'जन्' धातू. त्यातूनच जन, जन्म आणि... जाती! 'स्पीशीज' आला 'स्पेकेरे'वरून, म्हणजे पाहणं. संस्कृतातले त्याचे भाऊबंद म्हणजे पश्यति, स्पश् (हेर) आणि आपला रोजचा 'स्पष्ट'. थोडक्यात, जाती ही जीनसची सख्खी बहीण, पण आपण तिला स्पीशीजच्या घरी देऊन बसलो. माझं विचाराल तर स्पीशीजला 'रूप' म्हणायला हवं होतं. तो शब्द 'फॉर्मा'साठी (जातीच्याही खालच्या एका पायरीसाठी) राखीव आहे, असं एका परिभाषावाल्यांनी मला सुनावलं. फॉर्मा रोज कुणाला लागतो हो?

आणि नवी जाती ठरते तीही पाहूनच. वाळवून कागदावर चिकटवलेल्या नमुन्यातलं एखादं फूल गरम पाण्यात मऊ करायचं, भिंगाखाली त्याची ओष्ठ-पाकळी (इतरांहून वेगळी, ओठासारखी पाकळी) मोजायची, शेजारच्या जातींशी ताडून पाहायचं. वेगळेपण टिकलं तर वर्णन लिहायचं आणि एक नमुना 'प्रमाण' म्हणून वनस्पतिसंग्रहात कायमचा ठेवायचा. 2011 संपेपर्यंत हे वर्णन, किंवा वेगळेपण थोडक्यात सांगणारी टीप तरी, लॅटिनमध्येच लागे. 1 जानेवारी 2012पासून इंग्रजीही चालतं. डीएनएने सगळं सुटतं म्हणणाऱ्यांना एवढंच सांगतो : डीएनए नातं दाखवतो, म्हणजे पुन्हा 'जन्'च!

'व्हँडा टेसेलाटा' हे ऑर्किड घ्या. टेसेलाटा म्हणजे चौकटीचौकटींची. पाकळ्यांवरची जाळी पाहून दिलेलं नाव. पहिलं पद प्रजातीचं, आणि ते चक्क संस्कृत 'वंदा', म्हणजे बांडगूळ. 'बांडगूळ'मधला 'बांड' या वंदाचाच, हा माझा तर्क; कोशवाले मानोत न मानोत. आरोप मात्र खोटा आहे. व्हँडा झाडावर नुसती बसते, त्याचा रस पीत नाही. हवेत लोंबणाऱ्या जाड, पांढुरक्या मुळांनी पावसाचं पाणी टिपते आणि अन्न स्वतःच्या पानांत तयार करते. तरी बांडगूळ हे नाव तिला कायमचं चिकटलं, आणि तेही एकटीला नाही, अख्ख्या प्रजातीला.