'पिकॅट्रिक्स' हा जादूचा ग्रंथ नेमका कोणी लिहिला?

मस्लमा अल-मजरीती या गणिती-ज्योतिषाने नाही, जरी हस्तलिखितांवर आणि इतिहासकार इब्न खल्दूनच्या लेखनातही त्याचंच नाव असलं तरी.

मूळ अरबी ग्रंथ 'गायत अल-हकीम'. लेखक त्यात सांगतो की आधी 'रुतबत अल-हकीम' हे किमयेवरचं पुस्तक संपवलं, मग हे हाती घेतलं. घोळ इथेच आहे: 'रुतबत'च्या काही प्रतींत हिजरी 339 ते 342 हे साल येतं, काहींत 439 ते 442. नकलकाराने एक शब्द चुकवला की शंभर वर्षं सरकली! आता पडताळा घ्या. हिजरी सालाला 0.97 ने गुणून 622 मिळवा: 342 म्हणजे साधारण 954, 442 म्हणजे 1051. मजरीती वारला 1007 च्या सुमारास. पहिल्या सालात तो फार तर पोरसवदा, दुसऱ्यात कबरीत.

अभ्यासक मारिबेल फिएरो यांनी 1996 मध्ये दुसरा मस्लमा पुढे केला: मस्लमा इब्न कासिम अल-कुर्तुबी, मृत्यू 964. नाव तेच, शहर तेच, स्पेनमधलं कॉर्डोबा, पण गणिती-ज्योतिषी मजरीती जास्त प्रसिद्ध, म्हणून श्रेय तिकडे वळलं. आज बहुतेक अभ्यासक कुर्तुबीच धरतात, आणि मलाही तेच पटतं.

'पिकॅट्रिक्स' नावाचा कोणी लेखक शोधत बसू नका. कॅस्टिलचा (स्पेन) राजा दहावा अल्फोन्सो याच्या दरबारात 1256 मध्ये स्पॅनिश भाषांतर झालं, त्यावरून लॅटिन. तिथे प्रस्तावनेतच ते नाव लेखक म्हणून चिकटलं. अरबीतल्या 'बुक्रातीस' या नावाचा तो अपभ्रंश असावा, असा एक तर्क आहे.