चामडं शिवायचं मशीन घरी लावताना

आधी मोटर बघा. क्लच मोटर (सतत पूर्ण वेगात फिरणारी) असेल तर ती काढून सर्व्हो (वेग हवा तसा कमी करता येणारी मोटर) लावा. क्लचवर हळू शिवणं नवख्याला जमत नाही, आणि चामड्याला एकदा पडलेलं भोक बुजत नाही. मोटरची पुली लहान घ्या. वेग उतरतो, जोर वाढतो. पट्टा बोटाने दाबला की साधारण १ सेंमी आत जावा.

१३८ नंबरच्या बॉन्डेड (पीळ सुटू नयेत म्हणून चिकटवलेल्या) नायलॉन दोऱ्याला २२ किंवा २३ नंबरची चामड्याची सुई लागते. सुई बारीक असली की वरच्या-खालच्या दोऱ्यांची गाठ थराच्या मध्यात न येता खालीच राहते, आणि मग लोक उगाच दोऱ्याच्या ताणाचा स्क्रू पिळत बसतात! पहिल्या दोन-तीन टाक्यांना दोन्ही दोऱ्यांची टोकं धरून ठेवा, नाहीतर खाली गुंता ठरलेला. चाचणी तेवढ्याच जाडीच्या चामड्यावर घ्या, कापडावर नको.