प्रकाशसंश्लेषण न करणाऱ्या जीवांना ऊर्जा मिळते कुठून?

तुम्ही विचारलंय, झाडं उन्हावर अन्न तयार करतात, मग ज्यांना ते जमत नाही त्यांचं कसं चालतं? 'दुसऱ्याला खाऊन' हे उत्तर चूक नाही. पण गवत, नाकतोडा, बेडूक, साप ही शाळेतली साखळी घोकून घोकून आपल्याला वाटायला लागतं, की सगळा कारभार जिवंत घास गिळण्यावरच चालतो. जंगलात झाडांनी बनवलेल्या अन्नातला बराच मोठा वाटा जिवंतपणी कोणी खातच नाही. तो पाचोळा नि वाळक्या फांद्या होऊन खाली पडतो आणि खरी पंगत तिथे बसते.

कोकणातलं वारूळच घ्या. कामकरी वाळवी पाचोळा, लाकूड कुरतडून आणते, पण ते तिला एकटीला धड पचत नाही. मग ती अर्धवट पचलेल्या विष्ठेचे जाळीदार गोळे वारुळात रचते आणि त्यांवर चक्क बुरशीची शेती करते. गोळा हातात घेऊन पाहिला तर टाचणीच्या डोक्याएवढे पांढरे दाणे दिसतात. बुरशी लाकडातले लिग्निन, सेल्युलोज हे चिवट घटक फोडते. वाळवी ते दाणे आणि मुरलेला जुना गोळा खाते. पावसाळ्यात जिच्यासाठी कोकण-गोव्यात लोक रानं पालथी घालतात, ती वारुळावरची अळंबी याच बुरशीची. म्हणजे तुमच्या ताटातल्या त्या भाजीत ऊर्जा आहे ती कधीतरी गळून पडलेल्या पानांची! अर्थात मधल्या प्रत्येकाच्या श्वसनात बरीचशी उष्णता होऊन उडून गेलेली असते. कुजत्या शेणखताच्या ढिगात हात घातलात तर हे लगेच पटेल.

वनस्पती म्हटलं की प्रकाशसंश्लेषण आलंच, असंही नाही. अमरवेलीला पानं नसतात, आधाराचं झाड सापडलं की तिचं मूळही सुकून जातं. पिवळे धागे झाडाच्या खोडात शोषकं घुसवतात आणि तयार साखर ओढतात. आंब्यावरचं बांडगूळ निदान हिरवं असतं. ते मुख्यतः पाणी आणि क्षार चोरतं. फुकटेपणात अमरवेल त्याच्या कितीतरी पुढे.

सूर्याविना जगणाऱ्यांचं ठरलेलं उदाहरण म्हणजे १९७७ साली पॅसिफिक महासागरातल्या गॅलापागोस बेटांजवळ सुमारे २,५०० मीटर खोल सापडलेले नळीकृमी. प्रौढ कृमीला तोंड नाही, आतडं नाही. शरीरातले जिवाणू हायड्रोजन सल्फाइड या वायूच्या ऑक्सिडीकरणातून ऊर्जा मिळवून अन्न बनवतात. मात्र त्यासाठी लागणारा ऑक्सिजन उन्हात वाढणाऱ्या वनस्पती-शैवालांनीच सोडलेला, त्यामुळे 'सूर्याशी संबंधच नाही' हे मला जरा ताणलेलं वाटतं. आणि असे जिवाणू गाठायला समुद्रतळाशी जायलाही नको. शेतात टाकलेल्या युरियाचा अमोनिया झाला की मातीतले नायट्रोसोमोनास त्याचं नायट्राइट करतात आणि त्यातून सुटणाऱ्या ऊर्जेवरच जगतात.