करवतीला नक्षीची लाकडी मूठ घरी कशी करावी?

तुम्ही विचारलंय की वडिलांच्या हातची करवत आहे, पातं अजून चांगलं आहे, मूठ तेवढी फुटलीय. तर तिला नक्षीची मूठ घरीच करता येईल का, लाकूड कुठलं घ्यावं आणि नक्षी कुठे कोरावी. करता येते पावणं, आणि जरूर करा. मी खानापूर तालुक्यातला, सुतारकाम घरातलंच, आता बेळगावात शहापूरला काम करतो. त्या बळावर सांगतो.

जुन्या मुठीचे तुकडे टाकू नका. फेव्हिकॉलनं जोडून पुठ्ठ्यावर ठेवा आणि कडेनं पेन्सिल फिरवा. मुठीचा पात्याशी असलेला कोन त्या पुठ्ठ्यावर आपोआप उतरतो, आणि करवत नीट चालते ती त्या कोनामुळं. मुठीच्या आत तीनच बोटं जातात. तर्जनी बाहेर, पात्याच्या दिशेनं राहते. तुमचा हात वडिलांच्या हातापेक्षा मोठा असेल तर भोक थोडं वाढवा, पण चार बोटं मावतील एवढं नको, पकड ढिली होते.

लाकडाचं म्हणाल तर माझी पहिली पसंती शिसवीला. घट्ट असते, बारीक रेघ कोरली तरी कड तुटत नाही आणि हातात वजन छान येतं. पण आपल्याकडे शिसव असो की सागवान, झाड तोडायला आणि लाकूड न्यायला वनखात्याची परवानगी लागते. म्हणून जुन्या पलंगाचा पाय, मोडलेली खुर्ची, घर पाडताना निघालेली चौकट, असलं काही शोधा. असं लाकूड वर्षानुवर्षं वाळलेलं असतं, हा मोठा फायदा. सागवान चालतं, फक्त ते हत्याराची धार लवकर खातं. फणसाचं पिवळं लाकूड कोरायला फार सुखाचं. बाभूळ दांड्याला मजबूत, पण तिच्या आडव्यातिडव्या रेषांत नाजूक नक्षी निघत नाही. आंबा घेऊ नका, मऊ असतो आणि त्याला कीड लागते. ओल्या लाकडाची मूठ तर करूच नका. आमच्या खानापूरच्या पावसात फळी फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. मग पात्याची खाच वाकडी होते. पावसाळा सरल्यावर काम काढा.

फळी साधारण 25 मिलिमीटर जाडीची घ्या, रंधून 22 वर आणा. पुठ्ठा फळीवर ठेवून फिरवत बघा: मुठीचा सगळ्यात अरुंद भाग, म्हणजे मूठ वरच्या बाजूला गालाला (पातं जिथे आत जातं त्या सपाट भागाला) मिळते ती मान, तिथून लाकडाच्या रेषा लांबीनं गेल्या पाहिजेत. तिथे त्या आडव्या आल्या की मूठ एक दिवस तिथूनच मोडणार. मुठीची वर-खाली पुढे आलेली टोकं, म्हणजे शिंगं, तिथे रेषा आखूड पडतात, त्याला इलाज नाही; म्हणून शिंगं जाड आणि गोलसर ठेवा.

आता सगळ्यात महत्त्वाचं. पात्याची खाच आणि स्क्रूची भोकं आकार कापायच्या आधी, फळी चौकोनी आणि सपाट असतानाच करून घ्या. गोलाई दिल्यावर सरळ खाच मारायला आधारच उरत नाही. माझी रीत अशी: तीच करवत एका पाटावर आडवी ठेवायची, खाली फळीच्या निम्म्या जाडीला बसतील एवढ्या पट्ट्या द्यायच्या, शिकंज्यानं घट्ट आवळायची आणि फळी तिच्या दातांवर हळूहळू सरकवत न्यायची. खाच बरोबर मधोमध येते आणि पात्यापेक्षा अगदी किंचितच रुंद होते.

मग बारीक पात्याच्या करवतीनं आकार कापा आणि कानशीनं कडा गोलसर करा. पकडीचा छेद गोल नको, अंड्यासारखा लांबट हवा. गोल मूठ हातात फिरते आणि काप तिरका जातो. या टप्प्यावर पातं बसवून एखादी फळी कापून बघा. तळव्याला कुठे टोचतंय ते आत्ताच कळू दे.

नक्षी फक्त दोन्ही गालांवर. तळवा टेकतो तिथे एक रेघही कोरू नका, दहा मिनिटांत फोड येतील. अमेरिकेत डिस्टनसारख्या कंपन्यांच्या जुन्या करवतींच्या मुठींवर गव्हाच्या लोंब्या कोरलेल्या असत. आपण गहूच का काढायचा? खानापूर-बेळगाव भाताचा मुलूख, भाताची वाकलेली लोंबी गालाच्या वळणावर फार सुंदर बसते. पूर्वेकडच्या कोरड्या भागातले असाल तर जोंधळ्याचं कणीस काढा. किंवा बेळगावच्या किल्ल्यात जाऊन कमल बस्ती बघून या. 1204 सालचं, रट्टांच्या काळातलं ते जैन मंदिर. छताला दगडातलं कमळ आहे. ते खोल कमळ लाकडात उतरणार नाही, पण त्याच्या पाकळ्यांची ओळ सपाट करून घेता येते. आमच्या भागातल्या माणसांनी दगडात हे केलंय, ते आपल्या हत्यारावर यावं असं मला मनापासून वाटतं.

चित्र कागदावर काढा, दुसऱ्या गालासाठी तोच कागद उलटा करा. आधी धारदार सुरीनं बाह्यरेषा कापून घ्या, मग गोल पटाशीनं बाहेरून त्या रेषेकडे या. म्हणजे ढलपी रेषेपाशी थांबते. खोली दीड-दोन मिलिमीटर पुरे, कारण खाचेच्या एकेका बाजूला दहाच मिलिमीटर लाकूड आहे. स्क्रूच्या डोक्याभोवतीची जागा सपाट सोडा. नक्षीवर पॉलिश पेपर घासू नका, पटाशीच्या कडा मरतात. पेपर बाकीच्या मुठीला.

जाड वॉर्निश नको, घामानं चिकट होतं. जवसाचं तेल पातळ लावा, पुसून घ्या, वाळलं की पुन्हा. तेलाची चिंधी मात्र चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका, ती आपोआप पेट घेऊ शकते. पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवा. पितळी स्क्रू जुनेच वापरा. नटाला दोन बाजूंना खाच असेल तर जुन्या स्क्रूड्रायव्हरच्या टोकाला मधे कानशीनं खोबण पाडा, तो नेमका बसतो. महिनाभर वापरल्यावर एकदा पुन्हा आवळा.